दादाचं माप

४ फेब्रुवारी

अकरा पूर्णांक चार. चारच्या आत हवा होता म्हणे. डॉक्टरने आकडा कागदावर लिहिला आणि पेनाने त्याभोवती गोल काढला. गिऱ्हाइकाची कंबर वाढली की मीही मापाच्या वहीत असाच गोल काढतो, पण त्याच्या तोंडावर काही बोलत नाही. हा बोलला. "आजोबा, प्रोस्टेटचा आकडा बराच जास्त आलाय." आजोबा! माझ्या मुलापेक्षा लहान असेल. अंगात कोट, तोही तयार कपड्याच्या दुकानातला, खांदे दोन-दोन बोटं खाली उतरलेले. असल्या माणसाने मला माझ्या अंगाबद्दल सांगायचं.

मी गेलो होतो लघवीला सारखं उठावं लागतं म्हणून. एखादी गोळी देईल आणि सुटका होईल असं वाटलं होतं. आता आतून सुईने बारा तुकडे काढून तपासायचेत. सुई कुठून घालणार ते लिहीत नाही.

घरी हिला म्हणालो, किरकोळ आहे. ही "बरं" म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

११ फेब्रुवारी

तुकडे दिले. लघवीतून रक्त जातंय, दोन-तीन दिवस जाईल म्हणाले. मशीनवर बसवत नाही, म्हणून उभ्याने नुसती कापणी करतोय. शेजारचा घड्याळवाला दारातून डोकावला. "मास्टर, उभे का?" खुर्ची मोडलीय म्हणालो. खुर्ची त्याच्यासमोरच होती, धडधाकट. त्याने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि गेला.

१८ फेब्रुवारी

कॅन्सर.

१९ फेब्रुवारी

काल तो एक शब्द लिहिला आणि वही मिटली. आज नीट लिहितो, नाहीतर डोक्यात नुसता गुंता होतो.

बारापैकी पाच तुकड्यांत सापडला. जात मधली. फार जहाल नाही, फार गरीबही नाही. ग्रंथीच्या आतच आहे, बाहेर पडलेला नाही. डॉक्टरने चित्र काढून दाखवलं. अक्रोडाएवढी एक वस्तू, तिच्यातून लघवीची नळी जाते. मग तीन बोटं वर केली आणि तीन रस्ते सांगितले. एक, ऑपरेशन करून अक्रोडच काढून टाकायचा. दोन, किरणं द्यायची. आठवड्यातले पाच दिवस, असे सहा आठवडे, आणि सोबत इंजेक्शनं, ज्यांनी अंगातलं पुरुषपण सुकतं. तीन, सध्या काहीच करायचं नाही. दर तीन महिन्यांनी रक्त, वर्षाने पुन्हा तुकडे, आणि वाढायला लागलाच तर मग बघायचं.

ऑपरेशन केलं तर लघवी गळू शकते. काही महिने, काहींची कायमची. बाकीचंही जातं बहुतेकांचं. किरणांत आतडी आणि मूत्राशय भाजतं थोडंफार. थांबलो तर काहीच त्रास नाही, फक्त तो आत बसलेला आहे हे रोज माहीत असणार.

"तुम्ही काय म्हणता?" मी विचारलं.

"निर्णय तुमचा," तो म्हणाला.

मला असा राग आला! माझ्याकडे गिऱ्हाईक येतं, दोन्ही हातांत दोन कापडं. मास्टर, कुठलं घेऊ? मी अंगकाठी बघतो, रंग बघतो आणि सांगतो, हे. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत एकालाही "निर्णय तुमचा" म्हणून वाटेला लावलेलं नाही. कापड चुकलं तर शिव्या मी खातो. हा माणूस इतकं शिकून माझ्यावरच ढकलून मोकळा झाला.

वर हिच्यासमोर विचारतो, "सध्या शरीरसंबंध आहेत का?" मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत बसलो. ही शांतपणे म्हणाली, "नाहीत. नऊ वर्षं झाली." नऊ! हिने मोजून ठेवली होती.

मग विचारलं, घरात कुणाला झालेला आहे का. वडील? भाऊ? वडील पाठदुखीने गेले, बरीच वर्षं झाली. भावाला काही नाही. "नक्की?" मी म्हणालो, आमचं बोलणं नाही. त्याने पेन खाली ठेवलं. "मग विचारून घ्या. तुमचं हे मध्यम आहे, थांबलं तर चालेल की नाही याच्या काठावर आहे. सख्ख्या भावाला असेल तर नुसतं थांबा असं मी सांगणार नाही."

म्हणजे माझ्या तीन रस्त्यांतला एक रस्ता दादाच्या हातात. दुसरं कुणी सापडलं नाही याला.

२० फेब्रुवारी

विचारणार नाही. मेलो तरी.

२३ फेब्रुवारी

सकाळपासून एकच पँट तिसऱ्यांदा उसवली. डोक्यात दादा. आता लिहूनच टाकतो.

दादा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. मी शिवणकाम शिकलो तेव्हा पहिली पँट त्याची शिवली. एक पाय आखूड झाला होता. ती घालून तो कचेरीत गेला आणि कुणी हसलं तर म्हणायचा, फॅशन आहे. तेव्हापासून पस्तीस वर्षं त्याच्या अंगावर माझ्या हातचीच पँट. वर्षातून एकदा दुकानात यायचा, लाकडी पाटावर उभा राहायचा आणि मी टेप लावायचो. कंबर, सीट, मांडी, दोन पायांमधलं आसन, उंची. वहीत दादाचं पान वेगळं. त्याची डावी बाजू अर्धं बोट खाली आहे, लहानपणी पडला होता म्हणून. हे त्याच्या बायकोलाही माहीत नसेल, मला माहीत आहे.

अकरा वर्षांपूर्वी माझ्या मुलाचं लग्न ठरलं. दादासाठी मी स्वतः कापड आणलं, त्यातल्या त्यात भारी. कोट तयार केला. पँट कच्च्या टाक्यांवर ठेवून त्याला ट्रायलला बोलावलं. आला नाही. परत निरोप दिला. येतो म्हणाला. नाही आला. तिसऱ्यांदा मीच टेप घेऊन त्याच्या घरी गेलो तर वहिनी दारातून म्हणाल्या, ते झोपलेत. भर सकाळी!

आणि लग्नात आला तो तयार पँट घालून. काळी, ढगळ, कंबरेला इलॅस्टिक. शिंप्याच्या सख्ख्या मोठ्या भावाच्या अंगावर इलॅस्टिक! माझी चाळीस गिऱ्हाइकं त्या हॉलमध्ये होती. दादा एका कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून उभा, हातात रिकामंच ताट, पंगत बसायच्या आधीच निघायच्या बेतात. मी त्याच्यापाशी गेलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "ज्याला भावाच्या हातचं घालायला नको, त्याने भावाच्या घरचं खायलाही येऊ नये." त्याने ताट तिथेच ठेवलं आणि गेला. त्यानंतर आमचं बोलणं नाही.

त्या कच्च्या पँटीचं कापड मी कापून दुसऱ्यांच्या खिशांना आतून लावलं. वर्षभर पुरलं.

मला आजही वाटतं, मी चुकलो नव्हतो.

२६ फेब्रुवारी

घड्याळवाला चहा घेऊन आला. माझं काहीतरी बिनसलंय हे त्याला कळलंच होतं. मी म्हणालो, प्रोस्टेट. तो म्हणाला, "माझंही. तीन वर्षं झाली. किरणं घेतली मी."

मी हातातला कप खाली ठेवला. तीन वर्षांपूर्वी हा दीड-दोन महिने रोज दुपारी दुकान बंद करायचा. मी अख्ख्या गल्लीत सांगत फिरायचो, घड्याळवाल्याला आता दुपारची झोप लागते, संस्थान आहे त्याचं. हा तेव्हा मशीनखाली पडलेला असायचा.

कसं असतं ते त्याने सांगितलं. पोटावर शाईचे ठिपके काढतात, रोज त्याच जागी नेम धरता यावा म्हणून. दुखत नाही. नंतर थकवा येतो, आणि शौचाला लागलं की थांबवत नाही. इंजेक्शनांनी अंगातून गरम वाफा यायच्या. "बायकोचे हाल पाहिले होते पाळी जाताना. तेव्हा हसलो होतो. माझ्यावर आलं तेव्हा कळलं," म्हणाला. आता आकडा खाली आहे. बरा आहे.

"अहो, मग मला बोलला का नाहीत?" मी विचारलं. "दोन दुकानांमध्ये एक भिंत."

तो हसला. "तुम्हाला?" इतकंच म्हणाला, भिंग डोळ्याला लावलं आणि आपल्या कामाला गेला.

चहा चांगला नव्हता.

२ मार्च

हिच्याशी बोलणं झालं. बोलणं म्हणजे, मी भांडायला बसलो होतो आणि ही भांडली नाही.

मी म्हणालो, ऑपरेशन केलं तर माझं बाकीचं सगळं संपेल. ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याचा विचार माझ्यासाठी करू नका." तेव्हापासून मी या वाक्याचा विचार करतोय. ही मनाचा मोठेपणा दाखवत होती, की तुमच्याकडून तसंही काही अपेक्षित नाही असं म्हणत होती? नऊ वर्षांपूर्वी मीच दुसऱ्या खोलीत झोपायला गेलो. घोरतो म्हणून, असं सांगितलं. घोरणं हे कारण नव्हतं. एकदोनदा जमलं नाही, आणि हिने पाठीवर हात फिरवला. त्या हाताचा मला इतका संताप आला की अंथरूण उचललं. हे आज पहिल्यांदा लिहितोय. हिला कधी सांगितलेलं नाही.

चार-पाच वर्षं ही माझ्या मागे लागली होती, एकदा रक्त तपासून घ्या, एकदा तपासून घ्या. मी म्हणायचो, तुला माझ्यात काहीतरी खोट काढायचीच आहे. एकदा तर तिने तपासणीची चिठ्ठी आणून डब्याखाली ठेवली होती, ती मी फाडली. आता ती "मी सांगत होते" असं एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं, निदान मला ओरडता आलं असतं.

५ मार्च

थांबायचं. ठरलं.

विचार केला तो असा. दुखत नाही. खातोय, चालतोय, कापणीत हात थरथरत नाही. अडुसष्ट वय. डॉक्टरच म्हणतो की हा हळूहळू वाढतो. मग दुसऱ्याच कशाने तरी मी आधी जाईन. उगाच पोट फाडून घ्यायचं आणि मग पँट ओली करत गिऱ्हाइकाच्या पायाशी बसून बॉटमचं माप घ्यायचं? शिंप्याला दिवसभर लोकांच्या कंबरेशी वाकायचं असतं. माझं नाक त्यांच्या पोटाशी, त्यांचं नाक माझ्या टाळूशी. वास लपत नाही. दुकान बंद करावं लागेल. दुकान बंद म्हणजे मी घरात. मी घरात म्हणजे... ते हिलाही परवडणार नाही.

हिला सांगितलं. ही म्हणाली, "थांबा, हरकत नाही. पण आधी भावोजींना विचारून या." दादाला ही अजून भावोजी म्हणते.

मी नाही म्हणालो. तिने दोन दिवसांनी पुन्हा विचारेन म्हणून सांगितलं, एखाद्या कारकुनासारखं.

७ मार्च

पुन्हा विचारलं.

९ मार्च

दादाकडे गेलो होतो. सगळं लिहितो, नाहीतर उद्या मीच वेगळं सांगायला लागेन.

तिसरा मजला. वहिनींनी दार उघडलं आणि त्यांच्या हातातलं फडकं खाली पडलं. "या," म्हणाल्या, आणि आत वळून, "अहो, कोण आलंय बघा." आवाज घाबरल्यासारखा होता. खोलीत एक पलंग, एक टेबल, खिडकीशी हाताची खुर्ची. खुर्चीत टॉवेल चौपदरी दुमडून घातलेला. त्यावर दादा. म्हातारा झालाय. मान बारीक, कान मोठे. अगदी वडील.

मला बघून तो उठला. दोन्ही हात खुर्चीवर टेकून, हळूच, आणि उठताना एक हात पुढे धरून.

मी त्याच्या चेहऱ्याकडे बघायला हवं होतं. मी बघितलं पँटकडे. सवय. गडद रंगाची, इलॅस्टिकची, दोन नंबर मोठी. कापड मागून जसं पडायला हवं तसं पडत नव्हतं. पुढे आसनापाशी मधोमध जाडी होती, पाय जुळत नव्हते. ते आसन मला पाठ आहे. पस्तीस वर्षं तिथे टेप धरला मी. एका सेकंदात कळलं.

"कधीपासून?" मी विचारलं. अकरा वर्षांनी हा पहिला शब्द.

"काय कधीपासून?"

"दादा, मी शिंपी आहे."

तो खाली बसला. वहिनी स्वयंपाकघरात गेल्या आणि दार लोटून घेतलं. त्याने खुर्चीतल्या टॉवेलची कड सारखी केली. मग म्हणाला, "अकरा वर्षं. लग्नाच्या चार महिने आधी प्रोस्टेट काढलं."

मला आठवलं. तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं, मुतखडा काढला. मी फोनवर विनोदही केला होता, मुतखडा जपून ठेव म्हणून.

"ट्रायलला का आला नाहीस?" मी विचारलं. एवढं सगळं समोर असताना मला तेच विचारावंसं वाटलं!

"तू टेप कुठून कुठवर धरतोस ते तुला माहीत नाही का?" तो म्हणाला. "दोन-दोन पॅड असायचे तेव्हा. जगाला फसवलं, शेजाऱ्यांना फसवलं. तुझ्या टेपला कसा फसवणार? त्या पाटावर उभा राहिलो असतो आणि तुला कळलं असतं. दुकानात चार माणसं. तू गप्प बसला असतास?"

"बसलो असतो."

त्याला हसू आलं आणि त्याने हात मांडीत घट्ट दाबला.

"आणि लग्नात," तो म्हणाला, "तू बोललास ना, तेव्हा मी भिजलेलोच होतो. ताट त्याच्यासाठीच धरलं होतं पुढे. भिंत सोडून निघता येईना, आणि तू आलास."

मी पलंगावर बसलो.

मग त्याने बाकीचं सांगितलं, मी विचारत गेलो तसं. पहिलं वर्ष फार वाईट. मग दोनाचा एक पॅड झाला. एकाचा अजून शून्य झालेला नाही. शिंक आली, हसू आलं, उठलं की गळतं. त्याचं उशिरा सापडलं होतं, अगदी काठावर, म्हणून जास्त कापावं लागलं. अकरा वर्षांत कुणाकडे मुक्कामाला गेला नाही. बाकीचं? "ते गेलं. त्याचं इतकं वाटत नाही. हसताना भीती वाटते, त्याचं वाटतं." आणि वडिलांची पाठदुखी ही पाठदुखी नव्हती. त्याच्या डॉक्टरने सगळी लक्षणं ऐकून सांगितलं होतं, तेच असणार, हाडांत उतरलेलं.

तिथे माझं डोकं फिरलं. वडील, मग हा, मग मी. आणि याला अकरा वर्षं माहीत होतं.

"मला सांगितलं असतंस तर अकरा वर्षांपूर्वी माझं रक्त तपासलं गेलं असतं," मी म्हणालो. उभा राहिलो होतो मी. "तुझी लाज तुझी. पण त्यात माझा जीव होता की नाही?"

"ऐक, मी प्रयत्न केला होता—"

"काय प्रयत्न केलास? चिठ्ठी टाकलीस? फोन केलास? एक फोन?"

"अरे, ऐक तरी—"

मी ऐकलं नाही. निघालो. जिन्यात वहिनी मागून आल्या. "भावोजी, चहा तरी घ्या." मी मागे वळून बघितलं नाही. गुडघा दुखत होता तरी दोन-दोन पायऱ्या उतरलो.

१० मार्च

राग गेलेला नाही.

दादाची कीव येते आणि लगेच राग येतो, आणि रागाची लाज वाटते, आणि मग पुन्हा राग. भिंतीला पाठ लावून उभा असलेला तो माणूस डोळ्यांसमोरून हलत नाही. त्याला मी काय बोललो! हे मान्य. शंभर वेळा मान्य. पण म्हणून अकरा वर्षं? सख्ख्या भावाला? आमच्या घरातल्या पुरुषांनी आपली दुखणी अशी लपवली की जणू चोरीचा माल. वडिलांनी पाठ म्हणून सांगितली, याने मुतखडा म्हणून सांगितला. त्याला मी माफ करू शकत नाही. लग्नाचं मी त्याची माफी मागेन, पण याची माफी त्याने मागायला हवी.

हिला सगळं सांगितलं. ही रडली. मला वाटलं होतं तिला धक्का बसेल. ती नुसती रडली.

१४ मार्च

डॉक्टरकडे. भावाचं सांगितलं, वडिलांचंही. त्याने तिसरं बोट खाली घेतलं. आता दोन उरली.

आज मात्र मी त्याला सोडलं नाही. म्हणालो, डॉक्टर, तुमचे वडील माझ्या जागी असते तर? त्याने खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाला, किरणं आधी दिली आणि तो परत आला तर नंतर ऑपरेशन करणं फार अवघड जातं. ऑपरेशन आधी केलं आणि परत आला तर किरणं हातात राहतात. "माझ्या वडिलांना मी ऑपरेशन सांगितलं असतं. पण निर्णय—"

"कळलं," मी म्हणालो.

हे मला पटलं. आम्हीही शिवणीच्या आत कापड सोडतो. उद्या पोट वाढलं तर उसवता यावं म्हणून. सगळं कापड पहिल्याच दिवशी संपवणारा शिंपी मूर्ख. पहिल्यांदाच हा डॉक्टर मला समजेल अशा भाषेत बोलला, तेही त्याला माहीत नसताना.

ऑपरेशन दोन एप्रिलला. गळेल. दादाइतकं गळणार नाही कदाचित, माझं लवकर सापडलंय. आतापासून रोज व्यायाम सांगितलाय. लघवी रोखून धरल्यासारखं करायचं, दहा मोजायचे, सोडायचं. आज दुकानात गिऱ्हाइकाचं माप घेता घेता तीन वेळा केला. त्याला काही कळलं नाही.

निघताना डॉक्टर म्हणाला, "मुलगा आहे ना? त्याला सांगा. चाळिशीनंतर त्याने तपासायला लागायला हवं."

१५ मार्च

दुकानाच्या दारावर पाटी लावली. एप्रिल-मे बंद. घड्याळवाल्याने विचारलं, गावाला चाललात असं सांगू का लोकांना? मी म्हणालो, नाही, ऑपरेशन आहे असं सांगा. कशाचं विचारलं तर तेही सांगा. त्याने भिंग काढून माझ्याकडे नीट बघितलं.

माझ्या स्वतःच्या दोन पँटी मोठ्या करायला घेतल्या. आसन सैल केलं. इलॅस्टिक लावलेलं नाही. नाही म्हणजे नाही.

१६ मार्च

मुलाला उद्या फोन करणार. तो दुसऱ्या शहरात, एक्केचाळीस वर्षांचा, आपल्या व्यापात. आठवड्याला फोन करतो तो आईला. मी "दे त्याला आशीर्वाद" म्हणतो आणि पेपर वाचतो. त्याला आत्तापर्यंत मी काही कळू दिलेलं नाही. पण आता सांगायलाच हवं.

अवघड आहे. मुलाशी असल्या जागेबद्दल कसं बोलायचं? सकाळपासून मनात वाक्यं जुळवतोय. पण मी बोलणार. सरळ, नाव घेऊन, लघवी, पॅड, सगळं. वडिलांनी दादाला सांगितलं नाही, दादाने मला सांगितलं नाही. हे माझ्यापाशी थांबणार. आमच्या घराण्यात तोंड उघडणारा पहिला पुरुष मी. याचा मला, खरं लिहायचं तर, थोडा अभिमान वाटतोय. दादालाही कळू दे, असं करायचं असतं म्हणून.

हिला सांगितलं, उद्या तू शेजारी बस. ही म्हणाली, "मी बसते. पण तुम्ही शांतपणे ऐकूनही घ्या त्याचं." मी म्हणालो, ऐकायचं काय, सांगायचं तर मलाच आहे.

१७ मार्च

सांगितलं. एका दमात, काहीही न गाळता. वडील, दादा, मी, आणि आता तू तपासून घे. तो मधे बोलला नाही. माझं संपल्यावर म्हणाला, "बाबा, माझी तपासणी दोनदा झालीय. ठीक आहे सगळं. काकांनी पाच वर्षांपूर्वीच मला फोन करून सांगितलं होतं. तुम्हालाही करून घ्यायला लाव म्हणाले होते. मी आईला सांगितलं."

ही शेजारीच बसली होती. तिने मान वर केली नाही.

"मग मला का नाही सांगितलंत कुणी?" मी विचारलं.

त्याने पलीकडे दार लावून घेतलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "बाबा, तुम्हाला कोण सांगणार?"